'वर्णद्वेष' या शब्दाची झडती

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय वर्णद्वेष. मी वर्णद्वेषावर बोलण्याआधी 'वर्णद्वेष' या शब्दावर बोलणार आहे. मागच्या रांगेतले काहीजण आत्ताच हसले. त्यांना वाटलं, तिकडं पोरं मार खातायत आणि हा इथं शब्दांचा कीस पाडत बसलाय. हे काम पंडितांचं, आपलं नाय.

दोस्तहो, हे काम पंडितांवर सोडलं म्हणूनच आपले वांधे झाले. पोलीस ठाण्यात टेबलामागं बसलेला माणूस पहिल्या ओळीत कोणता शब्द लिहितो, यावर आपली पुढची दहा वर्षं ठरतात. 'किरकोळ वादातून मारहाण' लिहिलं की एक कायदा लागतो. 'जातिवाचक शिवीगाळ करून मारहाण' लिहिलं की दुसरा लागतो. तोच मार, तेच रक्त, तीच काठी. शब्द बदलला की कलम बदलतं. म्हणून शब्दाची झडती घ्यायची.

इंग्रजीत या प्रकरणाला वेगवेगळे शब्द आहेत. प्रेज्युडिस म्हणजे पूर्वग्रह, माणूस भेटायच्या आधीच मनात लागलेला निकाल. डिस्क्रिमिनेशन म्हणजे भेदभाव, त्या निकालाची अंमलबजावणी. रेसिझम म्हणजे माणसांचे वंश पाडून त्यांची उतरंड लावणारी विचारसरणी आणि तिच्यावर उभा राहिलेला सगळा कारभार. अपार्थाइड म्हणजे त्या कारभाराचा कायदा, सरकारी शिक्क्यासह. चार शब्द, चार अर्थ. आपल्या वर्तमानपत्रांनी काय केलं? वंशभेद, वंशवाद असे शब्द कोशात पडून आहेत, पण बातमी आली की चारही अर्थ एकाच गोणीत कोंबायचे आणि गोणीवर लिहायचं: वर्णद्वेष.

आता या शब्दाचे दोन तुकडे करा. पहिला तुकडा वर्ण. कोश सांगतो वर्ण म्हणजे रंग. पण मराठी माणसाला वर्ण म्हटल्यावर रंगपेटी आठवत नाही, चातुर्वर्ण्य आठवतं. म्हणजे अमेरिकेतल्या गोऱ्याच्या गुन्ह्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा यांनी शब्द काढला तो स्वतःच्या पोथीतला. बरोबरच आहे, घरात माल तयार होता. पण गंमत पुढं आहे. हाच वर्ण जोहान्सबर्गला गेला की त्याला 'द्वेष' चिकटतो. पैठणला राहिला की त्याला 'व्यवस्था' चिकटते. आश्रमाच्या शेजारी बसला की त्याचा थेट 'धर्म' होतो. वर्णद्वेष, वर्णव्यवस्था, वर्णाश्रमधर्म! परक्याचा वर्ण पाप, आणि आपला वर्ण समाजशास्त्र.

दुसरा तुकडा द्वेष, आणि खरी चोरी इथं आहे. द्वेष ही भावना आहे. भावना माणसाच्या मनात असते. मनातली गोष्ट सिद्ध करता येत नाही. म्हणजे ज्या शब्दानं गुन्हा दाखवायचा, त्याच शब्दात आरोपीची पळवाट बांधून ठेवलीय. 'माझ्या मनात कुणाबद्दल द्वेष नाही हो' म्हणाला की सुटला.

दक्षिण आफ्रिकेकडे बघा. १९४८ साली तिथं नॅशनल पार्टी निवडून आली ती अपार्थाइड हा शब्द घेऊन. त्यांच्या आफ्रिकान्स भाषेत त्याचा साधा अर्थ वेगळेपण. त्यात द्वेष कुठंच नाही. वेगवेगळं राहू, आपापला विकास करू, असा सभ्य, इस्त्रीचा शब्द. १९५० साली लोकसंख्या नोंदणी कायदा केला. प्रत्येक माणसाच्या नावापुढं वंश लिहायचा. ज्याचा वंश डोळ्याला कळेना त्याच्या केसांत पेन्सिल खोचून बघायची. पेन्सिल खाली पडली तर गोरा, अडकली तर नाही. एका पेन्सिलीवर एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या वंशात गेली. त्याच वर्षी ग्रुप एरियाज कायदा आला आणि कुठल्या वंशानं कुठं राहायचं ते नकाशावर ठरलं. काळ्या माणसाला पासाशिवाय शहरात फिरायची बंदी. या पासांविरुद्ध लोक जमले तेव्हा २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली.

आता सांगा, त्या नोंदणी कचेरीत पेन्सिल खोचणारा कारकून द्वेष करत होता का? बिचारा नोकरी करत होता. पाच वाजता घरी जाऊन बायकोला फुलं देत असेल. गोऱ्या बाईचं मूल काळी आया वाढवत होती. त्या मुलाचा आयेवर जीव होता आणि बाईचाही आयेवर विश्वास होता. द्वेष नव्हता म्हणून आयेला त्या वस्तीत घर मिळालं का? मतदान मिळालं का? ते मिळायला १९९४ साल उजाडावं लागलं. द्वेषाशिवाय सगळं व्यवस्थित चाललं होतं. व्यवस्थित! म्हणून म्हणतो, पोथीवाल्यांनी घरच्या वर्णाला नकळत बरोबर शब्द दिलाय. तो द्वेष नाही, ती व्यवस्थाच आहे. तिकडंही आणि इकडंही.

आणि ही व्यवस्था शब्दांना किती घाबरते तेही बघा. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं काळ्यांना आधी 'नेटिव्ह' म्हटलं. तो शब्द नासला तेव्हा 'बांटू' म्हटलं. तोही नासला तेव्हा १९७८ साली त्या खात्याचं नाव 'प्लुरल' संबंधांचं खातं असं ठेवलं. प्लुरल म्हणजे अनेकवचन! लोक हसले. एका माणसाला अनेकवचन कसं म्हणायचं? वर्षभरात पुन्हा नाव बदललं. पाटी चारदा रंगवली, आतलं टेबल तेच.

याच्या उलटं काम तिथल्या तरुण विद्यार्थ्यांनी केलं, स्टीव्ह बिकोच्या पिढीनं. सरकारी भाषेत त्यांना 'नॉन-व्हाइट' म्हणत. गोरा नसलेला. म्हणजे जगात माप एकच, गोरेपणाचं, आणि आमची ओळख म्हणजे त्या मापात न बसणं. बिको आणि त्याचे साथी म्हणाले, हा 'नॉन' आम्हांला नको. आम्ही काळे. आणि काळं असणं ही कातडीची गोष्ट नाही, अन्यायाविरुद्ध उभं राहण्याची गोष्ट आहे. म्हणून मळ्यात राबायला नेलेल्या हिंदी मजुरांच्या नातवंडांनाही त्यांनी काळ्यात घेतलं. १९७७ च्या सप्टेंबरात पोलिसांच्या कोठडीत बिको मारला गेला, तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

हा 'नॉन' तुमच्या ओळखीचा आहे ना? अस्पृश्य. अवर्ण. त्या 'अ' मध्ये तोच 'नॉन' बसलाय. स्पर्शाला चालणाऱ्यांची यादी त्यांची, आपण यादीबाहेरचे. म्हणून १९७२ साली मुंबईत पोरांनी दलित हा शब्द छातीवर लावला आणि त्याला पँथर जोडला. तो पँथर १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी उभा केलेला. अस्पृश्य सांगतो तुम्ही आम्हांला शिवत नाही. दलित सांगतो तुम्ही आम्हांला चिरडलंय. पहिल्या शब्दात गुन्हेगार दिसत नाही, दुसऱ्यात दिसतो. दळणारा असल्याशिवाय दळलेलं कुठून येणार?

आता अमेरिकेत चला. रेसिझम या शब्दाचा जो अगदी जुना वापर सापडतो तो १९०२ सालचा, आणि तो करणारा कोण? रिचर्ड प्रॅट नावाचा लष्करी अधिकारी. माणसांना वंशावरून वेगळं ठेवणं वाईट, असं तो म्हणत होता. वाटेल, काय भला माणूस! याच प्रॅटनं १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला एक शाळा काढली. तिथल्या मूळच्या आदिवासींची पोरं आईबापांपासून तोडून आणायची, त्यांचे केस कापायचे, त्यांची नावं बदलायची, त्यांनी आपली भाषा बोलली तर शिक्षा करायची. प्रॅट स्वतःला या लोकांचा मित्र समजत होता. त्याच्या मनात द्वेष शोधायला गेलात तर मिळणार नाही, कळकळ मिळेल. त्या कळकळीनं पोरांची अख्खी भाषा खाल्ली. म्हणजे हा शब्द ज्याच्या तोंडातून कागदावर आला तोच माणूस या शब्दाचा नमुना होता.

पुढं बरीच वर्षं गोऱ्या विद्वानांनी हा प्रश्न मनाच्या दवाखान्यात नेऊन ठेवला. पूर्वग्रह कसे बनतात, ते कसे घालवावेत, दोन्ही बाजूंनी प्रेमानं कसं वागावं. १९६७ साली स्टोकली कार्मायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी 'ब्लॅक पॉवर' या पुस्तकात हा दवाखाना बंद केला. त्यांनी एक शब्द दिला, संस्थात्मक वंशवाद. उदाहरण बर्मिंगहॅम शहराचं. तिथं १९६३ साली काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुली मारल्या. ते सगळ्या जगाला दिसलं, सगळ्यांनी निषेध केला. पण त्याच शहरात दरवर्षी काळी अर्भकं अन्न, घर आणि औषध नाही म्हणून मरतात, त्यांचा निषेध कुणी करायचा? तिथं बॉम्ब ठेवणारा हात दिसत नाही. तिथं महापालिका असते, दवाखाना असतो, घरमालक असतो, बँक असते, आणि यांतल्या प्रत्येकाच्या मनात सगळं स्वच्छ असतं.

हा शब्द सरकारी कागदावर यायला तीस वर्षं लागली. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्या टोळक्यानं बसस्टॉपवर भोसकून मारलं आणि पोलिसांनी तपासाची माती केली. १९९९ साली मॅकफर्सन चौकशी अहवालानं लिहिलं की लंडनचं पोलीस दल संस्थात्मक वंशवादी आहे. आणि त्यात हेही लिहिलं की हे नकळतही होतं. नकळत! या एका शब्दानं 'माझ्या मनात तसं नव्हतं' ही पळवाट बंद केली.

२५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसानं नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा ठेवला. त्याच दिवसांत एका तरुण काळ्या पदवीधर मुलीनं मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशाला पत्र लिहिलं. तिचं म्हणणं असं की मी वंशवादाबद्दल बोलले की लोक तुमचा कोश काढून माझ्या तोंडावर मारतात. म्हणतात, वंशवाद म्हणजे एक वंश दुसऱ्याहून श्रेष्ठ मानणं, आम्ही तसं मानत नाही, मग आम्ही वंशवादी कसे? तेव्हा तुमच्या व्याख्येत व्यवस्था कुठं आहे ते नीट लिहा. कोशकारांनी ते मान्य केलं, व्याख्येत व्यवस्थेची बाजू अधिक स्पष्ट करायचं ठरवलं. एका पोरीनं कोश हलवला! त्याच वर्षी तिथल्या मोठ्या वृत्तसंस्थेनं 'ब्लॅक' मोठ्या अक्षरानं लिहायला सुरुवात केली. 'निग्रो' मोठ्या अक्षरानं लिहावं यासाठी ड्यू बॉइस आधी कित्येक वर्षं भांडले होते, न्यूयॉर्क टाइम्सनं ते १९३० साली मानलं. आपल्या देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत. उच्चनीचता मात्र सगळी आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं. आपल्याला काय त्याचं? तर खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं, सुरेखा, प्रियांका, रोशन, सुधीर, गावाच्या डोळ्यांदेखत मारली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आरोपींना खुनाची शिक्षा दिली, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही म्हटलं. २०१० साली हायकोर्टानंही तेच धरलं. हा सूड होता, जातीचा हेतू सिद्ध होत नाही. म्हणजे काय झालं? मन उघडून द्वेष दाखवा म्हणाले. मन उघडता येईना, म्हणून जात गायब. त्या कुटुंबाचं घर गावात कसं उभं राहू दिलं नाही, जमिनीवरून भांडण का झालं, साक्ष दिल्याबद्दल सूड घ्यायची हिंमत कुणाविरुद्ध होते आणि कुणाविरुद्ध होत नाही, हा सगळा हिशेब 'सूड' या दोन अक्षरांखाली गाडला. सूड काय कुणीही कुणावरही घेतो. पण गावकुसाबाहेरच्या माणसानं पाटलाच्या घरात घुसून चार मुडदे पाडले आणि गाव गप्प राहिलं, असं कधी ऐकलंय? द्वेष हा शब्द कोर्टात मोजायचं माप झाला की आपण हरतो. म्हणून या शब्दाशी माझं भांडण आहे.

आणि शब्द उलटा फिरवायची कला तर विचारू नका. अमेरिकेत काळ्यांसाठी जागा ठेवल्या की गोरे म्हणतात, हा उलटा वंशवाद. आपल्याकडं जातीचं नाव घेतलं की घेणाराच जातीयवादी. ऑफिसात सगळे आडनाव विचारतात, गाव विचारतात, गावात कुठं राहता तेही विचारतात. त्यातून काय हुडकायचं ते हुडकतात. तेव्हा कुणी जातीयवादी नसतो. आपण म्हणालो, साहेब, तुम्ही जात विचारताय, की लगेच 'अरे, तू जात मध्ये का आणतोस?' काय राव! याहून भारी क्रियापद गावात ऐका. दलितानं फिर्याद दिली की म्हणतात, 'त्यानं माझ्यावर अ‍ॅट्रॉसिटी केली.' अ‍ॅट्रॉसिटी म्हणजे अत्याचार. मार खाल्ला त्यानं आणि अत्याचारही केला त्यानंच! व्याकरणातच न्याय उलटा टांगलाय.

मग प्रश्न येतो, जात आणि वंश एकच का? इथं सावध राहा. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगितलंय की जात म्हणजे वंशाची विभागणी नव्हे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे. त्याआधी जोतीराव फुल्यांनी आर्यांच्या स्वारीचा सिद्धान्त भटशाहीवरच उलटवला होता, आणि १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. बाबासाहेबांनी तर तो सिद्धान्तच मोडीत काढला. पण म्हणून त्यांनी काळ्यांशी नातं तोडलं का? १९४६ साली त्यांनीच ड्यू बॉइसना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. वंश एक नाही, पण गुलामीची बनावट ओळखीची आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शब्दांचाच इतिहास काढायचा तर कास्ट हा शब्द पोर्तुगिजांच्या कास्ता पासून आला, गोव्याला उतरलेल्या लोकांकडून. आणि कास्ता म्हणजे कूळ, वाण, बीज. पोर्तुगीज उतरला आणि त्याला लगेच कळलं की इथं माणसाची किंमत बीजावरून ठरते.

सरकारला मात्र बाबासाहेबांचं हे वाक्य सोयीपुरतं आठवतं. १९६५ साली संयुक्त राष्ट्रांनी वंशभेदाविरुद्ध करार केला. त्यात वंश, रंग यांच्याबरोबर 'डिसेंट' म्हणजे जन्माची परंपरा हाही आधार घातला. तो शब्द घालायची सूचना कुणाची? भारताची. आणि २००१ साली डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, आपले लोक तिथं जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा भारत सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरातला प्रश्न. जाहीरनाम्यात जात येऊ दिली नाही. पुढच्याच वर्षी त्या कराराच्या समितीनं सांगितलं की डिसेंटमध्ये जात येते. म्हणजे दार यांनीच बांधलं होतं. आपण आत जायला लागलो तेव्हा यांनीच त्याला टाळं ठोकलं. २०२३ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदाला कायद्यानं बंदी केली. त्याच साली कॅलिफोर्नियात तसं विधेयक मंजूर झालं, पण गव्हर्नरनं त्यावर सही केली नाही. विरोध करणाऱ्या आपल्याकडच्याच उच्चवर्णीयांचं म्हणणं काय? की जातिभेदाला बंदी करणं हाच हिंदूंबद्दलचा द्वेष आहे. बघा, शेवटी द्वेष हा शब्द कुणाच्या कामाला आला!

आता थोडं आपल्या तोंडाबद्दल, कारण फक्त त्यांच्या तोंडाबद्दल बोलणं सोपं आहे. आपल्या वस्त्यांतसुद्धा काळ्या माणसाला हबशी म्हणून हसतात. हबश म्हणजे इथिओपिया. तिथून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढं निजामशाहीचा कर्ता झाला, मोगलांना त्यानं जेरीस आणलं, खडकी शहर त्यानं वसवलं. त्याचं शहर वापरायचं आणि त्याच्या देशाचं नाव शिवी म्हणून वापरायचं? ईशान्येकडच्या पोरांना चिंकी म्हणायचं आणि वर म्हणायचं, मस्करी केली. २०१२ साली केंद्राच्या गृहखात्याला कळवावं लागलं की हा शब्द अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. २०१४ साली अरुणाचलचा निडो तानिया दिल्लीच्या बाजारात त्याच्या केसांवरच्या मस्करीतून सुरू झालेल्या मारहाणीनंतर गेला. २०१७ साली ग्रेटर नोएडात जमावानं आफ्रिकी विद्यार्थ्यांना बडवलं. आफ्रिकी राजदूत म्हणाले, हा वंशवाद आहे. आपलं सरकार म्हणालं, चौकशी होईपर्यंत तसं म्हणू नका. डर्बनचाच सूर! आणि लग्नाच्या जाहिरातीत आपलीच पोरं 'गोरी वधू पाहिजे' लिहितात, तेव्हा ती कुणाची उतरंड चढतायत? ज्यानं ओकलंडहून पँथर आणला त्याच्या तोंडात हबशी शोभत नाही.

तेव्हा मी म्हणतो, लिहिताना बोलताना शब्द तपासून वापरा. एखाद्यानं शिवी दिली तर शिवी लिहा, जशीच्या तशी, कुठं, कुणासमोर, किती वाजता ते लिहा. मनात गाठ असेल तर पूर्वग्रह म्हणा. नोकरी, घर, पाणी नाकारलं तर भेदभाव म्हणा. आणि पिढ्यान् पिढ्या एकाच वंशाला, एकाच जातीला वर आणि दुसऱ्याला खाली ठेवणारा कारभार असेल तर त्याला द्वेष म्हणून लहान करू नका. त्याला वंशवर्चस्व म्हणा, जातिवर्चस्व म्हणा. वर्चस्व दिसतं, मोजता येतं. त्याला कागदपत्रं असतात.

उद्या तुम्हांला कुणी म्हणेल, 'माझ्या मनात तुझ्याबद्दल काहीच नाही, मग मी जातीयवादी कसा?' त्याच्या मनाचं काही विचारू नका. मन त्याचं त्याला लखलाभ. त्याला विचारा, तुझ्या गावात सातबारा कुणाकुणाच्या नावावर आहे? तुझ्या सोसायटीत घर कुणाला मिळत नाही? तुझ्या शहराच्या गटारात कोण उतरतं, आणि उतरलेला वर आला नाही तर त्याचं आडनाव काय असतं? याची उत्तरं त्याला पाठ असतात. ती त्याच्याच तोंडून वदवून घ्या आणि लिहून ठेवा.

जय भीम!